बाळाच्या डोक्याचा थ्रीडी स्कॅन, दादर वेस्ट : मशीन मस्त, पण जावळ काढून जा

लेक चार महिन्यांची असताना मालिशवाल्या मावशींनीच पहिल्यांदा सांगितलं, ताई हिचं डोकं मागून उजवीकडे चपटं झालंय. मग काय, सासूबाईंनी कपाटातून राईची उशी काढली, आई फोनवर म्हणे तेल लावून दाबा रोज, नवरा रात्री दोन वाजता गुगल करत बसलेला. मुलांच्या डॉक्टरांनी टेपने घेर मोजला, ४१ सेंमी, एकदम बरोबर, पण ते म्हणाले घेरावरून वाढ कळते, आकार नाही कळत, गोल डोकं आणि वाकडं डोकं दोघांचा घेर सारखा येऊ शकतो, हवं तर एकदा थ्रीडी स्कॅन करून या.

मला वाटलं सीटी स्कॅनसारखं काहीतरी असणार, झोपेचं औषध देतील वगैरे, आदल्या रात्री झोपच नाही. तसलं काहीच नसतं. एका छोट्या खोलीत चारी बाजूंनी कॅमेरे लावलेत, मधे तुम्ही बाळाला धरून बसायचं, सगळे कॅमेरे एकाच क्षणी फोटो काढतात आणि कॉम्प्युटर ते जोडून डोकं तयार करतो. नुसते फोटोच ते, त्यामुळे रेडिएशन शून्य, आणि क्षणात होतं म्हणून बाळ वळवळलं तरी चालतं. वेळ जातो तो टोपीत. पातळ मोज्याच्या कापडाची टोपी असते, केस चापून बसवायला, आमच्या बाईंनी ती तीनदा ओढून काढली आणि चौथ्यांदा तोंडात घातली. तिथल्या दादांचा पेशन्स मात्र मानला, खुळखुळा वाजवत, शीळ घालत, एकदाही चिडले नाहीत.

मग स्क्रीनवर तिचं डोकं आलं, न रंगवलेल्या शाडूच्या मूर्तीसारखं राखाडी, दादांनी माऊसने फिरवून वरून दाखवलं तेव्हा पोटात गोळाच आला, उजवा कान चक्क डाव्याच्या पुढे. डोक्याच्या दोन तिरक्या रेषा मोजतात, आमच्या १३४ आणि १२६ मिमी, म्हणजे ८ मिमीचा फरक, साधारण ६ टक्के. साडेतीन टक्क्यांच्या आत असेल तर नॉर्मल धरतात. इथपर्यंत पाचपैकी पाच स्टार.

एक स्टार कापला तो पुढच्या पंधरा मिनिटांसाठी. रिपोर्ट हातात पडायच्या आधी समोर डोक्याला आकार देणाऱ्या हेल्मेटचा फॉर्म. दिवसाचे २३ तास घालायचं, आत्ता नाही केलं तर उशीर होईल, आज बुक केलंत तर डिस्काउंट. अहो एप्रिल महिना, आमच्याकडे पंख्याखाली पण पोरीला घामोळं, २३ तास हेल्मेट कुठलं? सही न करता निघालो.

डॉक्टरांनी आधी बोटांनी कवटीचे सांधे तपासले, कारण सांधे वेळेआधी जुळले असतील तर मामला पूर्ण वेगळा आणि हा स्कॅन फक्त वरचा आकार दाखवतो, सांधे नाही. ते ठीक होते. मान मात्र डावीकडे वळताना अडकत होती, त्याचे व्यायाम दिले. नेदरलँड्समधल्या एका अभ्यासाबद्दल पण सांगितलं, २०१४ ला छापलेला, ८४ बाळं, अर्ध्यांना हेल्मेट अर्ध्यांना नाही, आणि दोन वर्षांची झाल्यावर दोन्हीकडे फरक जवळपास सारखाच. फारच जास्त वाकडं असेल तर गोष्ट वेगळी, ती बाळं त्यात नव्हती. उशी काढायला लावली, राईची असो की कसलीही. झोपवायचं पाठीवरच, जागी असताना पालथी घालायची. आणि पलंगावर तिची दिशा उलटी केली, कारण ती सारखी खिडकीकडे बघायची आणि खिडकी उजवीकडे. इतकं साधं, चार महिने कुणाच्या लक्षात नाही!

दोन महिन्यांनी दुसरा स्कॅन केला, ३.९ टक्के. पेढे वाटायचेच बाकी होते, तेवढ्यात दादा म्हणाले ताई, मागच्या वेळी जावळ होतं ना. मधल्या काळात जावळ काढलं होतं आमचं! टोपीखाली मागे केसांचा गठ्ठा जमला तर मशीन त्यालाही डोकंच समजतं, त्यामुळे सहाचे ३.९ झाले त्यात डोकं किती आणि केस किती देव जाणे. हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं, निदान टोपी नीट बसवून पुन्हा एक फोटो घ्यायचा. कान मात्र आता खरंच सरळ रेषेत दिसतात, ते मी रोज आंघोळीला वरून बघते.

जाणार असाल तर सकाळची वेळ घ्या, दूध पाजून न्या. लिफ्ट दोन्ही वेळा बंद होती, तिसरा मजला, प्रॅम नेऊ नका. रिपोर्टची पीडीएफ मागून घ्या, आपणहून देत नाहीत.