टोनिंग कशाने करावं: चाकं, कर्व्ह की ग्रेडियंट मॅप?

वारीतला माझा एक फोटो आहे. पांढरं धोतर, पांढरी टोपी, कपाळावर बुक्का, रापलेला चेहरा आणि पायाखाली ओला रस्ता. हाच फोटो मी तीन पद्धतींनी टोन करून, म्हणजे त्याच्या सावल्या-उजेडाला रंगछटा देऊन पाहिला.

लाइटरूम या फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमधली कलर ग्रेडिंगची (रंग निवडायची) चाकं सगळ्यात सोपी. 2020च्या ऑक्टोबरमध्ये जुन्या स्प्लिट टोनिंगच्या जागी ती आली आणि शॅडो (गडद भाग) आणि हाइलाइट (उजळ भाग) यांच्या जोडीला मिडटोनचं (मधल्या उजेडाचं) चाक मिळालं. माझ्या मते खरा फायदा हाच, कारण चेहरा बहुतेक वेळा मिडटोनमध्येच असतो. शॅडोत थोडा निळा घातला (ह्यू म्हणजे रंग 220, सॅच्युरेशन म्हणजे त्याची तीव्रता 12) आणि रस्त्याला गारवा आला. मग हाव सुटली. हाइलाइटमध्ये ह्यू 45चा पिवळा थेट 25पर्यंत ओढला, तर धोतर असं दिसायला लागलं, जसं काही धुताना नीळ घालायचीच राहून गेली! 6वर आणलं तेव्हा कुठे ते पुन्हा पांढरं वाटलं.

कर्व्ह म्हणजे अंधारापासून उजेडापर्यंत जाणारी, हवी तशी वाकवता येणारी रेघ; लाल, हिरवा, निळा अशा प्रत्येक चॅनेलची वेगळी. तिचं गणित आधी डोक्यात बसावं लागतं. लाल कर्व्ह खाली ओढली की सायन, हिरवी ओढली की मजेंटा, निळी ओढली की पिवळा. सवय होईपर्यंत माणसं काविळीची पेशंट दिसतात. पण एका कामात कर्व्हला तोड नाही. निळ्या कर्व्हचं खालचं डावं टोक जरासं उचललं की ठार काळाही निळसर होतो, जुन्या फिकट फिल्मसारखा. चाकांचा रंग ठार काळ्यावर जवळपास बसतच नाही. पावसाळी घाट, रात्रीची स्टेशनं यांना हे फार शोभतं. वारीच्या फोटोत मात्र बुक्काच निळा पडला, म्हणून सगळं रद्द केलं. पैसे घालायचे नसतील तर मोबाइलवर स्नॅपसीडमध्ये चॅनेलच्या कर्व्ह फुकट मिळतात. कॉम्प्युटरवर डार्कटेबल आहेच.

फोटोशॉपचा ग्रेडियंट मॅप मूळ रंग पुसून उजेड-अंधाराच्या पायऱ्यांवर नवे रंग बसवतो. रंगीत फोटोवर थेट लावला तर पोस्टर होतं. सॉफ्ट लाइट मोड (खालच्या फोटोत हलकं मिसळणारा) आणि 20 टक्के ओपॅसिटी (थर किती दाट दिसावा ते) ठेवली तर चालतो. कृष्णधवलसाठी मात्र मी हाच घेतो. डार्करूममध्ये, म्हणजे फोटो धुण्याच्या अंधाऱ्या खोलीत, टोनिंग रसायनांनी व्हायचं: सेपिया आधी हाइलाइटला धरायचा, सेलेनियम आधी शॅडोला. इथे ती जोडी दोन मिनिटांत जमते: सावलीत जांभळट काळा, उजेडात तपकिरी.

लग्नाचे चारशे फोटो रात्रीत संपवायचे असतील तर डोळे झाकून चाकं घ्या. एखाद-दुसऱ्या फोटोशी निवांत खेळायचं असेल तर कर्व्ह शिका. वारीचा फोटो मी शेवटी चाकांवरच ठेवला.

आणि बसण्याआधी स्क्रीनचा नाइट मोड बंद करा. त्या पिवळट स्क्रीनवर मी एकदा अख्खा अल्बम निळा करून ठेवला होता.