दिवाळी ते मे : प्री-मार्किंग रोबोट वापरून पाहिला

रस्त्यावर थर्मोप्लास्टची, म्हणजे वितळवलेल्या रंगाची, गरम पट्टी ओढण्याआधी ती कुठे येणार याचे ठिपके मारावे लागतात; हेच प्री-मार्किंग. दोरी, टेप आणि रंगाचा डबा घेऊन दोघं-तिघं हे काम करायचे, कमरेत वाकून, गाड्यांकडे पाठ करून. या हंगामात ते रोबोटनं केलं. टॅबवर ड्रॉइंग टाकायचं, जीपीएसचा ‘फिक्स’ मिळाला, म्हणजे जागा अगदी नेमकी कळली, की रोबोट सोडून द्यायचा. तो ठिपके मारत जातो, ऑपरेटर क्रॅश बॅरियरपलीकडून चालतो.

सरळ रस्त्यावर तक्रारीला जागा नाही. वळणावर तर दोरीपेक्षा सरस. ताणलेली दोरी सरळच राहणार, गोलाई मुकादमाच्या नजरेवर. ती कटकट संपली.

घाटात मात्र वैताग. जीपीएसची चूक काढणारं ‘कॉर्स’चं (कायम चालू असलेल्या जीपीएस केंद्रांच्या जाळ्याचं) करेक्शन मोबाइल नेटवर येतं आणि कोकणातल्या घाटात नेटचीच बोंब. करेक्शनसाठी स्वतःचा बेस (जीपीएसचं तात्पुरतं केंद्र) लावला तरी उंच कटिंगमध्ये अर्धं आकाश झाकलेलं. फिक्सचा ‘फ्लोट’ होतो, म्हणजे जागा नेमकी राहत नाही, गडी जागीच थांबतो. तिथे पुन्हा दोरी.

आणखी एक. रोबोट ड्रॉइंग पाळतो, डांबर अंथरणारा पेव्हर पाळतोच असं नाही. एका तुकड्यात डांबर वीतभर सरकलेलं होतं, तर यानं कडेच्या पट्टीचे ठिपके थेट डांबराच्या काठावर नेले. तेव्हापासून आधी रोव्हरचा पोल (जीपीएस लावलेली काठी) घेऊन प्रत्यक्ष रस्ता मोजतो. नव्या, बंद रस्त्यावर हे चालतं. चालू रस्त्यावर माणूस परत गाड्यांसमोर.

खरा राग वेगळाच आहे. रोबोट आल्यावर मुख्य कंत्राटदारानं गाड्यांना झेंडा दाखवणारा फ्लॅगमनच कमी केला. म्हणे, “आता मशीन आहे ना!” अहो, मशीन झेंडा दाखवतं का? रस्ता अडवायचे प्लास्टिकचे कोन तर अजून हातानंच. पिकअपच्या फळक्यावर बसलेला पोरगा चालत्या गाडीतून एकेक खाली ठेवतो, आणि काम संपलं की गाडी रिव्हर्स घेत उचलतो. कॅलिफोर्नियात कॅल्ट्रान्स (तिथलं राज्याचं वाहतूक खातं) आणि डेव्हिसच्या विद्यापीठानं कोन टाकणारा-उचलणारा ट्रक १९९० च्या दशकातच बनवला. ड्रायव्हर केबिनमध्ये बसूनच काम उरकतो. आपल्याकडे मार्किंगचं बिल चौरस मीटरवर निघतं, पोरगा फळक्यावरून केबिनमध्ये आला म्हणून जास्तीचा रुपया निघत नाही. पैसा ठिपक्यांच्या रोबोटवर का लागला, कोनच्या ट्रकवर का नाही, ते उघड आहे.

घ्यायचा असेल तर पहिला हंगाम भाड्यानं घ्या. नोझल जादा ठेवा, उन्हात स्प्रेचे कॅन गाडीच्या टपावर ठेवू नका, आणि वर्कऑर्डरमध्ये फ्लॅगमनची ओळ वेगळी लिहून घ्या.