रीफ टँकमधले (खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीतले) सी स्क्वर्ट : गणपतीपासून आंब्यापर्यंतचा अनुभव

सी स्क्वर्ट पाळावेत का? जरूर पाळावेत, पण टँकचं पाणी आरशासारखं दिसलंच पाहिजे असा सोस असेल तर नादी लागू नका. सी स्क्वर्ट म्हणजे दगडाला किंवा दोराला चिकटून राहणारा पिशवीसारखा समुद्री प्राणी. तो एका तोंडाने पाणी आत ओढतो, त्यातलं सूक्ष्म खाणं चिकट जाळीत गाळतो आणि उरलेलं पाणी दुसऱ्या तोंडाने बाहेर टाकतो. आपण स्किमर (फेस करून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) आणि फिल्टर लावून नेमकं तेच खाणं काढून टाकतो. मेख इथेच आहे.

माझा टँक देवगडात, 200 लिटरचा. टणक पोवळी वन्यजीव संरक्षण कायदा 1972 च्या अनुसूची 1 मध्ये, म्हणजे संरक्षित प्राण्यांत येतात, म्हणून झोअँथिड आणि मशरूम हे पोवळ्यांचे मऊ भाईबंद आणि क्लाउनफिशची जोडी एवढाच संसार. गणपती झाल्यावर त्यात दोन तऱ्हेचे सी स्क्वर्ट आले. एक दुकानातला पॉलिकार्पा ऑराटा : पांढऱ्या अंगावर जांभळे पट्टे, तोंड आतून पिवळंधमक. बाकीचे जेटीवर पडलेल्या जुन्या दोराला कालवांसकट चिकटलेले, चिखलाच्या रंगाचे, फुकटचे.

दुकानदार म्हणाला होता, "याला वेगळं काही घालावं लागत नाही, लाइटवर जगतो." लाइटचा आधार असतो तो डिडेम्नम मॉलेसारख्या जातींना, त्यांच्या अंगात प्रोक्लोरॉन हे प्रकाशावर अन्न करणारे सूक्ष्मजीव राहतात. पॉलिकार्पाकडे ती सोय नाही. तो उपाशी मरतो आणि मरायला महिने घेतो, त्यामुळे तोवर सगळं छान चाललंय असंच वाटतं. माझ्याकडे येईतोच तो खंगलेला असावा. रोज खाणं घालूनही दिवाळीनंतर आक्रसत गेला, काडी लावली तरी तोंड मिटेना. असा ढिला पडलेला सी स्क्वर्ट त्याच दिवशी काढा. आत कुजला की अमोनिया चढतो आणि मासेही जातात.

जेटीवाले मात्र टुणटुणीत. त्यांच्यासाठी नॅनोक्लोरोप्सिस हे हिरवं शेवाळ पाण्याच्या बाटल्यांत वाढवतो : खारं पाणी, थोडं खत, एअर पंपाची नळी आणि ट्यूबलाइट. याचे कण दोन-तीन मायक्रॉनचे, त्यांच्या जाळीत बरोबर अडकणारे. रात्री स्किमर बंद करून ओततो, पाणी हिरवट होतं, सकाळपर्यंत निवळतं. बाटलीबंद मेलेलं खाणं स्वस्त पडतं, पण जास्त झालं की नायट्रेट वाढतं. टँकमध्ये बटरफ्लाय किंवा एंजल मासा असेल तर मात्र हा खर्चच करू नका, ते यांना टोचून खातात.

शेजारचे मच्छीमार काका टँकजवळ उभे राहून म्हणाले, "होडयेक चिकाटता ता खरवडून आमचे हात दुखान येतत, आणि तू ता घरात पोसतस?"

पोसण्याचं चीज झालं ते शिमग्याच्या सुमारास. मागच्या काचेवर नखाएवढे, जवळजवळ पारदर्शक पिल्लू आपणहून उगवलं. भिंगातून त्याचं हृदय दिसतं. ते काही वेळ एका दिशेने रक्त ढकलतं, क्षणभर थांबतं आणि उलट्या दिशेने सुरू होतं. पहिल्यांदा बघताना पोर मेलं की काय असं वाटलं! ते अळी असताना त्याला शेपटी असते आणि त्या शेपटीत पाठीच्या कण्याची आदिम आवृत्ती असलेला दांडाही. एकदा चिकटलं की शेपटी, दांडा सगळं अंगात जिरवून टाकतं. म्हणजे नातं लावायचं तर कालवापेक्षा हा आपल्याला जवळचा.

उन्हाळ्यात चिलर (पाणी गार करणारं यंत्र) नसला तरी इथले सी स्क्वर्ट तगतात, पंख्यावर भागतं. फक्त पंख्याने पाणी उडतं आणि क्षार वाढतात, तेव्हा रोज आरओचं गोडं पाणी घालून घनता 1.025 च्या आसपास ठेवावी. पावसाळ्यात खाडीतोंडचं पाणी गढूळ आणि अळणी होतं, ते टँकच्या कामाचं नाही. पाऊस लागायच्या आत दोन ड्रम भरून अंधारात ठेवणार आहे. ते संपले की मत्स्यटाकीसाठी मिळणारं विकतचं समुद्री मीठ.