फ्रीबीएसडीची बिल्ड व्यवस्था : काम अडल्यावर कळलेले गुणदोष

बिल्ड (सोर्स कोडपासून चालवता येणारे प्रोग्राम बांधणे) सुरळीत पार पडला की सगळीच साधने सारखी वाटतात. फ्रीबीएसडी ही युनिक्ससारखी ऑपरेटिंग सिस्टिम सोर्सपासून कंपाइल करताना काम अर्ध्यात थांबले आणि चूक शोधत बसावे लागले, तेव्हा कुठे या व्यवस्थेची मला खरी ओळख झाली. येथे कर्नल (सिस्टिमचा गाभा), सी लायब्ररी, कंपायलर (सोर्स कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम) आणि रोजच्या वापरातल्या आज्ञा एकाच सोर्स ट्रीमध्ये, म्हणजे सोर्स फाइलींच्या एकाच डिरेक्टरीत, असतात. ‘मेक बिल्डवर्ल्ड’ ही आज्ञा कर्नलखेरीज सारे काही आणि ‘मेक बिल्डकर्नल’ ही आज्ञा कर्नल तयार करते. त्यामुळे दहा ठिकाणचे सुटे भाग एकमेकांशी जुळतात की नाही हे पाहण्याचे काम वापरणाऱ्यावर पडत नाही.

मला सर्वांत उपयोगी वाटली ती टप्प्यांची मांडणी. प्रत्येक टप्पा सुरू होताना त्याचे नाव आणि क्रमांक पडद्यावर छापला जातो, आणि एरर नेमकी कोणत्या टप्प्यात आली एवढ्यावरूनही संशयाची दिशा ठरवता येते. पहिल्या टप्प्यात चालू सिस्टिमच्या कंपायलरने बूटस्ट्रॅप साधने, म्हणजे पुढच्या टप्प्यांना लागणारी प्राथमिक साधने, तयार होतात, म्हणून तेथे काम अडले तर सध्या बसवलेली आवृत्ती फार जुनी आहे का, हे आधी पाहावे. तिसऱ्या टप्प्यात क्रॉस टूल्स, म्हणजे नवा कंपायलर आणि लिंकर (कंपाइल झालेले तुकडे जोडणारा प्रोग्राम), घडतात. चौथ्यात हेडर फाइली (फंक्शनांच्या घोषणा असलेल्या फाइली), मग लायब्ररी आणि शेवटी उरलेले सारे बांधले जाते; तेथे एखादी हेडर फाइल सापडत नसेल, तर सोर्स ट्री अर्धवट अद्ययावत झाली असण्याची किंवा मागच्या बिल्डचे अवशेष मध्ये येत असण्याची शक्यता मोठी असते.

एरर सांगण्याच्या पद्धतीबद्दल मात्र माझी तक्रार आहे. ‘मेक’ आज्ञेला ‘जे’ हा पर्याय देऊन एकाच वेळी अनेक कामे चालवली आणि त्यांतले एक कोसळले, की बाकीची कामे ‘समांतर मेकच्या दुसऱ्या शाखेत बिघाड आढळला’ अशा अर्थाची ओळ छापून थांबतात, आणि पडद्याच्या तळाशी नेमक्या याच ओळी उरतात. मूळ एरर शेकडो ओळी वर गेलेली असते. मी एक अख्खी संध्याकाळ त्या तळाच्या ओळींचा अर्थ लावण्यात घालवली होती. आता ‘स्क्रिप्ट’ ही आज्ञा आधी चालवून सगळे आउटपुट फाइलमध्ये साठवतो आणि ‘एरर’ हा शब्द वरून खाली शोधतो. तरीही उलगडा झाला नाही, तर ‘जे’ काढून बिल्ड पुन्हा चालवतो. वेळ जास्त जातो, पण कोसळलेले काम शेवटच्या ओळींतच सापडते.

अशा पुनरावृत्तीचा दुसराही फायदा आहे. दर वेळी त्याच फाइलवर काम थांबले तर दोष सोर्समध्ये किंवा आपल्या सेटिंगमध्ये शोधावा. थांबण्याची जागा दर वेळी बदलत असेल आणि सिग्नल ११ (मेमरीचा चुकीचा वापर झाल्याने प्रोग्राम कोसळल्याची खूण) दिसत असेल, तर कोड वाचत बसण्याआधी रॅम आणि प्रोसेसरचे तापमान तपासावे. कंपायलरला सिग्नल ९ ने मारले, म्हणजे सक्तीने बंद केले, गेले असेल तर बहुधा मेमरी संपलेली असते. क्लँग हा कंपायलर आणि त्याचा पाया असलेले एलएलव्हीएम हा या ट्रीमधला सर्वांत जड भाग असल्याने अशा वेळी समांतर कामांची संख्या कमी करणे किंवा स्वॅप (रॅमला पूरक म्हणून वापरली जाणारी डिस्कवरची जागा) वाढवणे, एवढ्यावर सहसा भागते.

सोर्सबरोबर येणारी ‘अपडेटिंग’ नावाची साधी मजकुराची फाइल हा या व्यवस्थेचा मला सर्वाधिक आवडलेला भाग. तारीखवार नोंदी, नव्या नोंदी वर, आणि कोणत्या बदलानंतर कोणती खबरदारी घ्यावी याची रोखठोक सूचना, असे तिचे रूप आहे. बिल्डच्या आधी ती वाचली तर कित्येक एररींची गाठच पडत नाही. त्याउलट ‘मेक डॉट कॉन्फ’ या सेटिंगच्या फाइलमध्ये कधीकाळी घालून विसरलेले ऑप्टिमायझेशनचे पर्याय हे घरचेच चोर असतात. २०१४ साली आलेल्या १०.० आवृत्तीत प्रमुख प्रोसेसरांसाठी जीसीसी या कंपायलरची जागा क्लँगने घेतली. तेव्हापूर्वीच्या सवयीने लिहिलेले पर्याय आज अडचणीच ठरू शकतात.

मेटा मोड हा बिल्डचा पर्याय चालू केला तर प्रत्येक फाइल कोणत्या आज्ञेने आणि कोणत्या फाइली वाचून बनली याची नोंद राहते आणि बदललेलेच भाग पुन्हा बांधले जातात. त्यासाठी ‘फाइलमॉन’ हे कर्नल मॉड्यूल लागते. नोंदींवरच शंका आली, तर ऑब्जेक्ट फाइलींची (कंपाइल झालेल्या तुकड्यांची) डिरेक्टरी रिकामी करून नव्याने सुरुवात करावी. हा उपाय मी पहिल्या फटक्यात करत नाही, कारण त्याने लक्षण जाते आणि कारण कळायचे राहून जाते.

बिल्ड पूर्ण झाल्यावर आधी ‘इन्स्टॉलकर्नल’, मग रीबूट आणि नंतरच ‘इन्स्टॉलवर्ल्ड’ हा क्रम पाळावा लागतो. नवा कर्नल जुन्या आज्ञा चालवू शकतो. उलट बाजूची हमी नसते. आउटपुट वाचण्याची तयारी असलेल्याला ही व्यवस्था मी निःसंकोच सुचवेन. ज्याला केवळ अद्ययावत सिस्टिम हवी आहे, त्याने तयार बायनरी (आधीच कंपाइल केलेल्या फाइली) घ्याव्यात.