कधीमधी केलेला मेकअप उतरवण्यासाठी परवडणारे क्लिन्झर : वर्षभराच्या वापरानंतर

गेल्या वर्षी चुलत बहिणीचे लग्न आटोपून साताऱ्याहून घरी पोहोचायला रात्रीचे साडेअकरा वाजले. चेहऱ्यावर सकाळपासूनचे फाउंडेशन होते, डोळ्यांत काजळ आणि वर न पसरणारे आयलायनर होते, आणि ते सगळे उतरवण्यासाठी जवळ आयत्या वेळी घेतलेले ओले वाइप्स तेवढे होते. त्या वाइप्सनी गाल स्वच्छ झाले, पण आयलायनर निघण्याऐवजी पापणीभर पसरले, म्हणून मी ते जोर लावून पुसले. सकाळी उशीच्या पांढऱ्या अभ्र्यावर काळे डाग होते आणि डोळ्यांखालची त्वचा पुढचे दोन दिवस लाल होऊन चुरचुरत राहिली. वर्षाकाठी दहा-बारा वेळाच मेकअप करणाऱ्या माझ्यासारखीने त्यासाठी महागडी बाटली घ्यावी का, आणि नाही घ्यायची तर नेमके काय घ्यावे, हा प्रश्न मी त्यानंतर मनावर घेतला आणि वर्षभर निरनिराळे पर्याय स्वतः वापरून पाहिले.

नेहमीच्या फेसवॉशने हे काम का होत नाही, ते आधी समजून घ्यायला हवे. आपण रोज धुतो ती धूळ, घाम आणि थोडा तेलकटपणा असतो. फाउंडेशन आणि लिपस्टिक यांत मात्र मेण, तेल, सिलिकोन आणि रंगद्रव्ये असतात, आणि 'वॉटरप्रूफ' म्हणून विकल्या जाणाऱ्या लायनर-मस्कारात तर त्वचेवर पातळ पापुद्रा धरणारे घटक मुद्दाम घातलेले असतात. ते पाण्याला दाद देऊ नयेत म्हणूनच बनवलेले असल्यामुळे कितीही फेस केला तरी पूर्ण निघत नाहीत. मग आपण दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा चेहरा धुतो, आणि मेकअपच्या आधी त्वचेचीच चिकाटी संपते. अंगाचा साबण वापरणे तर त्याहून वाईट, कारण त्वचेचा पीएच, म्हणजे आम्लपणा मोजण्याचा आकडा, साधारण ५ च्या आसपास असतो आणि साबणाचा ९ ते १० असतो. एकदा साबण लावून चेहरा ताणल्यासारखा वाटला असेल, तर त्यामागचे एक मोठे कारण हेच आहे.

माझ्या गरजेला सर्वांत चांगली उतरलेली वस्तू म्हणजे गार्निएचे मायसेलर क्लिन्झिंग वॉटर, गुलाबी झाकणाचे, १२५ मिलीच्या लहान बाटलीतले. माझ्या नेहमीच्या औषधांच्या दुकानात ती दोनशे रुपयांच्या आतबाहेर मिळाली. मायसेलर पाणी ही कल्पना बायोडर्मा या फ्रेंच कंपनीने १९९० च्या दशकात लोकप्रिय केली, आणि आज तिची परवडणारी रूपे आपल्याकडे सहज मिळतात. दिसायला ते साधे पाणी असते, पण त्यात सौम्य स्वच्छक घटकांचे रेणू लहान लहान पुंजक्यांत (यांनाच मायसेल म्हणतात) विरघळलेले असतात. या रेणूंचे एक टोक पाण्याकडे आणि दुसरे तेलाकडे ओढ घेते. कापसाचा ओला बोळा चेहऱ्यावर ठेवला की तेलाकडे ओढ घेणारी टोके मेकअपला धरतात आणि तो कापसावर उतरतो. पहिला बोळा फाउंडेशनने पार तपकिरी होतो, दुसरा फिकट येतो, आणि तिसरा मानेवरून व केसांच्या कडेने फिरवला की त्यावर पुन्हा रंग दिसतो, कारण जबड्याखाली आणि कानांजवळ राहिलेला मेकअप आरशात दिसतच नाही. टिकलीचा गोंद जिथे धरून बसतो, त्या जागेसाठी बोळ्याचे एक टोक मी मुद्दाम राखून ठेवते.

या पाण्याला सुगंध नाही, ही मला त्याची सर्वांत मोठी जमेची बाजू वाटते. डोळ्यांजवळ लावायच्या वस्तूत वास घालण्याचे काही कारण नसते, आणि संवेदनशील त्वचेला सुगंधी घटकांचाच त्रास अनेकदा होतो. धुण्याची गरज नाही, असे बाटलीवर लिहिलेले असले तरी मी नेहमी धुते. मेकअप सोडवणारे घटक पुसल्यानंतरही थोडे त्वचेवर राहतात आणि रात्रभर ते तिथेच ठेवण्यात काही फायदा नाही, म्हणून नंतर एकदा साध्या फेसवॉशने चेहरा धुवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

खरी गोम आकारात आहे. दुकानात ४०० मिलीची बाटली शेजारीच असते, पाकिटावर एमआरपीजवळ छापलेला प्रति मिली भावही तिचाच कमी असतो, आणि तीच घ्यावी असे सहज वाटते. परंतु पूर्ण चेहऱ्याला तीन-चार बोळे, म्हणजे साधारण ७ मिली पाणी लागते, असे धरले तर १२५ मिलीत सतरा वेळा मेकअप उतरतो. वर्षातून बारा वेळा मेकअप करणाऱ्या बाईला ही लहान बाटलीच जवळजवळ दीड वर्ष पुरेल आणि मोठी तर पावणेपाच वर्षे. अशा बाटल्यांवर उघड्या डबीचे एक छोटे चित्र असते आणि त्यात ६ एम किंवा १२ एम असे छापलेले असते. उघडल्यानंतर किती महिन्यांत ती वस्तू संपवावी, हे त्यावरून कळते. पाण्याचा अंश जास्त असलेली वस्तू, त्यातही डोळ्यांना लावायची, या मुदतीपलीकडे वापरणे मला धोक्याचे वाटते. म्हणून मिलीमागे स्वस्त पडणारी बाटली कधीमधी वापरणाऱ्या बाईला प्रत्यक्षात महागच पडते. मी माझी लहान बाटलीसुद्धा वहिनीबरोबर वाटून घेतली, आणि प्रवासाच्या दिवशी दिवसभराचे सनस्क्रीन उतरवायलाही ती काढते, म्हणजे मुदतीत संपते.

आता डोळ्यांविषयी, कारण त्रास खरा तिथेच होतो. वॉटरप्रूफ लायनरपुढे कोणत्याही कंपनीचे साधे मायसेलर पाणी तोकडे पडते, आणि तोकडे पडले की हात आपोआप घासायला लागतो. अशा वेळी तेलाला पर्याय नाही. आमचे मामा राज्यनाट्य स्पर्धेत हौशी नाटके करत असत. प्रयोग संपल्यावर रंगभूषाकार त्यांच्या तळहातावर खोबरेल ओतत आणि ग्रीजपेंटचा जाड थर पाच मिनिटांत विरघळून जाई. लहानपणी मी ते विंगेत उभी राहून पाहिले आहे. एरंडेलाच्या दिव्याची काजळी तुपात कालवून केलेले काजळ असो की आजची काजळपेन्सिल, दोन्हींना धरून ठेवते ते तूप, तेल किंवा मेणच, आणि ते तेलातच सुटते. मी दोन थेंब खोबरेल बोळ्यावर घेते, डोळा मिटून तो पापणीवर दहा-पंधरा सेकंद नुसता टेकवून ठेवते आणि मग वरून खाली एकदाच अलगद ओढते. काळी रेघ जशीच्या तशी कापसावर येते. खोबरेल साधारण २४ अंशांखाली गोठते, म्हणून जानेवारीत ते आधी तळहातावर चोळून पातळ करावे लागते. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी मात्र हे करण्याआधी लेन्स काढून ठेवायलाच हवी. तेल डोळ्यात गेले तर काही वेळ धूसर दिसते, त्याने घाबरून जाऊ नये.

मात्र ज्यांना मुरुमे येतात, त्यांनी खोबरेल पूर्ण चेहऱ्यावर चोळू नये, ते रंध्रे बुजवू शकते. ते पापण्यांपुरतेच ठेवावे आणि नंतर फेसवॉशने नीट धुऊन काढावे. ज्यांना तेलाचा हातच नको, त्यांच्यासाठी तेलमिश्रित दोन थरांची मायसेलर पाणी मिळतात. ती वापरण्याआधी बाटली जोरात हलवावी लागते.

नंतरच्या धुण्यासाठी वेगळे काही विकत घेण्याची गरज नाही. घरात असलेला सौम्य, बिनसाबणाचा फेसवॉश पुरतो. सिम्पलचा सुगंध नसलेला फेसवॉश मी रोजच वापरते, तोच या कामी येतो. कोरड्या त्वचेच्या माझ्या सासूबाई सेटाफिलचे जेंटल क्लिन्झर वापरतात. ते फेस करत नाही, हलकी पावडर आणि लिपस्टिक त्याने निघते, पण लग्नातल्या पूर्ण मेकअपला ते एकटे पुरे पडेल अशी अपेक्षा ठेवू नये. क्लिन्झिंग बाम चांगले असतात यात शंका नाही. घट्ट तेलासारखा तो गोळा चेहऱ्यावर वितळतो आणि पाणी लागताच दुधाळ होऊन निघून जातो. परंतु मी पाहिलेल्या बहुतेक डब्यांची किंमत लहान मायसेलर बाटलीच्या दोन-तीन पट होती, आणि महिन्याला एकदा वापरण्यासाठी ती मला मोजावीशी वाटली नाही. रोज मेकअप करून कामावर जाणाऱ्या मैत्रिणीला मी तोच घ्यायला सांगेन. कोल्ड क्रीमने मेकअप काढण्याची पद्धत पाश्चात्त्य देशांत जुनी आहे, आपल्याकडे त्याच नावाने मिळणारी बहुतेक क्रीम हिवाळ्यात लावायची असतात, तेव्हा नाव वाचून ती आणू नयेत. बेसन आणि साय हा उपाय मला अनेकींनी सुचवला. हळदीकुंकवाला जाताना लावलेल्या हलक्या पावडरीला तो चालेल, पण पिठाचे कण काजळावर घासणे म्हणजे डोळ्यांना विनाकारण त्रास देणे होय.

कापसासाठीही खर्च वाढवू नये. गोल कापलेली तयार पॅड सुबक असतात, पण औषधांच्या दुकानातल्या कापसाच्या गुंडाळीतून चौकोनी तुकडे कापून घेतले तरी चालते. फक्त तुकडा पूर्ण ओला करावा, अर्धवट ओल्या कापसाचे तंतू पापण्यांत अडकतात. नवी बाटली आणली की पहिल्यांदा कानामागे थोडे लावून एक दिवस थांबावे, आणि लग्नाच्या आदल्या दिवशी नवी वस्तू मुळीच सुरू करू नये. गौरी-गणपतीच्या आधी आणलेल्या माझ्या बाटलीच्या तळाशी मी मार्करने उघडल्याची तारीख लिहून ठेवली आहे, आणि वहिनीने तिच्या वाट्याचे पाणी भरून नेले त्या छोट्या बाटलीवरही तीच तारीख लिहून दिली आहे.