इलेक्ट्रो की कॅनोनेट?

जुना, फिल्मचा रेंजफाइंडर कॅमेरा (खिडकीत दिसणाऱ्या दोन प्रतिमा जुळवून फोकस करायचा) तर हवाय, पण महागड्या लायकासाठी घर गहाण टाकायचं नाही, असं ठरलं की गाडी बहुतेकांची दोनच नावांवर येऊन थांबते. याशिका इलेक्ट्रो ३५ जीएसएन आणि कॅनोनेट जी-थ्री क्यूएल १७. एक १९७३चा, दुसरा १९७२चा. दोन्हींची लेन्स एफ १.७ (म्हणजे भरपूर उजेड आत घेणारी) आणि न निघणारी, दोन्हींचं शटर इतकं हळू वाजतं की समोरच्याला फोटो निघाल्याचा पत्ता लागत नाही. माझ्याकडे दोन्ही आहेत. आधी इलेक्ट्रो आला, मग एका विशिष्ट संध्याकाळीनंतर कॅनोनेट. ती संध्याकाळ पुढे सांगतो.

चित्रं शेजारी ठेवून कुठलं कुठल्या कॅमेऱ्याचं ते ओळखा म्हणालात, तर मी हरेन. फरक असेल, पण माझ्या डोळ्यांना तो आठ बाय बाराच्या प्रिंटवरही धड सापडलेला नाही. इलेक्ट्रोची लेन्स ४५ मिलिमीटरची, कॅनोनेटची ४० ची, म्हणजे थोडं जास्त रुंद दृश्य घेणारी; तो फरक मात्र जाणवतो. जुन्या घरातल्या माजघरात पाठ भिंतीला टेकल्यावर ते पाच मिलिमीटर म्हणजे कडेला बसलेली एक काकू फ्रेममध्ये येणं किंवा न येणं. हातात घेतलं की इलेक्ट्रो थोराड आहे. दिवसभर गळ्यात अडकवला की मान सांगते.

इलेक्ट्रोची बाजू आधी घेतो, कारण त्याच्यावर माझा अजून जीव आहे. अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेड आत सोडणारं भोक) आपण ठरवायचं, शटरचा वेग तो ठरवणार, आणि तोही थेट ३० सेकंदांपर्यंत. त्रिपुरी पौर्णिमेला देवळाच्या ओट्यावर कॅमेरा टेकवून एफ ८ लावलं, केबल रिलीज (कॅमेऱ्याला हात न लावता बटण दाबायची तार) दाबली आणि गप्प उभा राहिलो. किती सेकंद गेले देव जाणे. पणत्यांच्या रांगा, मागचा दगड, सगळं नेमकं उतरलं होतं. कॅनोनेटचा सर्वांत संथ वेग १/४ सेकंद. त्यापुढे बल्बवर (बटण दाबून ठेवाल तितका वेळ शटर उघडं) ठेवून मनात आकडे मोजत बसायचं. रात्रीचेच फोटो काढणार असाल तर पुढचं वाचलं नाहीत तरी चालेल, इलेक्ट्रो घ्या.

आता ती संध्याकाळ. चुलतभावाची हळद, घरातच, ट्यूबलाइटच्या उजेडात. इलेक्ट्रोत बटण अर्धं दाबलं की उजेड कमी असेल तर पिवळा दिवा लागतो, जास्त असेल तर लाल. दोन्ही लागले नाहीत म्हणजे सगळं ठीक. मी दाबत गेलो, दिवा लागत नव्हता, मी खूश. ट्यूबलाइटमध्ये पिवळा कसा लागत नाही, हा प्रश्न तेव्हा पडायला हवा होता. सेल संपलेला होता. सेल नसला की या कॅमेऱ्याचं शटर सरसकट १/५०० ला उडतं, आवाज तसाच, खटका तसाच. म्हणजे ‘उजेड बरोबर आहे’ आणि ‘सेल मेलाय’ या दोन्ही गोष्टी तो एकाच पद्धतीने सांगतो: काही न बोलता. रोल धुऊन आला तो जवळजवळ कोरा. छत्तीसपैकी दारातल्या उन्हात बसलेल्या आत्याचा तेवढा एक फोटो आला. चूक माझीच, मागे बटण आहे, ते दाबलं की सेल ठीक असल्याचा हिरवा दिवा लागतो, मी ते दाबलं नव्हतं. पण घाईगर्दीत नेमकी हीच गोष्ट राहून जाते.

कॅनोनेट अशा वेळी सरळ अडून बसतो. इथे वेग आपण लावायचा, अ‍ॅपर्चर तो निवडणार. उजेड पुरत नसेल किंवा सेल गेला असेल, तर ऑटोवर बटण खालीच जात नाही. पहिल्या दिवशी मला वाटलं, बिघडलेलाच गळ्यात मारला. हा हट्टीपणा काहींना असह्य होतो हे मान्य. नेमक्या क्षणी बोट अडलं की शिवी येतेच. पण रिंग ऑटोवरून काढली की सेल नसतानाही सगळे वेग चालतात. फक्त तेव्हा उजेड मोजणारा मीटर झोपतो, उजेडाचा अंदाज आपला आपण करायचा.

सेलचं दुखणं दोघांनाही आहे, कारण दोन्ही मूळ सेल पाऱ्याचे होते आणि ते केव्हाच बंद झाले. इलेक्ट्रोला ६ व्होल्टचा सेल छोट्या अडॅप्टरमध्ये घालून चालतो. कॅनोनेटला १.३५ व्होल्ट लागतात. तिथे श्रवणयंत्राचा ६७५ नंबरचा सेल कामी येतो. तो आकाराने लहान, म्हणून मी सायकलच्या ट्यूबची चकती कापून भोवती बसवली आहे. कानाच्या मशीनच्या दुकानात पाकीट मिळतं. वरची चिकटपट्टी काढली की सेलला हवा लागते आणि वापरा न वापरा, तो उतरू लागतो. इलेक्ट्रोचा सेल जास्त टिकतो हेही सांगायला हवं.

पावसाळ्यात गडावर कृष्णधवल रोल घेऊन जात असाल, तर आणखी एक. कॅनोनेटचा मीटर लेन्सच्या कड्यातच असल्याने पिवळा फिल्टर लावला की हिशोब तो आपोआप धरतो. इलेक्ट्रोत मीटरचा डोळा वर, बॉडीवर, त्यामुळे फिल्टरने अडवलेला उजेड त्याला कळत नाही. ४०० आयएसओचा (फिल्म उजेडाला किती संवेदनशील त्याचा आकडा) रोल असेल तर आठवणीने २०० लावायचं. आणि माझी आठवण कशी आहे ते वर आलंच आहे. मात्र इलेक्ट्रोचा ५५ चा फिल्टर सहज मिळतो, कॅनोनेटच्या ४८ साठी मी बरीच दुकानं पालथी घातली.

फोटो दाखवायचे म्हणाल तर घरच्या ग्रुपवर दोन्ही सारखेच. स्कॅन डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅप सगळ्या ग्रेनचं (फिल्मवरच्या बारीक कणांचं) पिठलं करतं. आमच्या मित्रमंडळीत मात्र फोटोखाली सेटिंग लिहायची पद्धत आहे. कॅनोनेटवर वेग मी लावलेला असतो, अ‍ॅपर्चर व्ह्यूफाइंडरमध्ये दिसतं. दोन्ही वहीत टिपून होतं. इलेक्ट्रो वेग किती घेतला ते कधीच सांगत नाही.

जुना घेताना इलेक्ट्रोचा फिल्म पुढे सरकवायचा लिव्हर ओढून बघा: आतून ‘टक्’ असा आवाज यायला हवा. नसेल तर आतला रबराचा पॅड झिजलाय आणि वरचं झाकण उघडणारा कारागीर शोधावा लागेल. कॅनोनेटला १/४ वर ठेवून शटरची पाती अडकत नाहीत ना ते पाहा. मागच्या दाराचा, उजेड आत शिरू न देणारा फोम डांबरासारखा चिकट झालेला असेल, पण त्यासाठी सौदा मोडू नका. स्पिरिटने पुसून काढा आणि खाचेत काळी लोकर बसवा. माझ्या कॅमेऱ्यात आईच्या अर्धवट राहिलेल्या स्वेटरची आहे.