साडेसहाशेचा दिवा आणि बरणीतलं मॉस

झाडांसाठीचा हा क्लिपवाला एलईडी दिवा पावसाळ्यात मागवला, ६४९ रुपयांना. लोणच्याच्या रिकाम्या बरणीत फ्युनेरिया नावाचं मॉस लावलंय, त्याच्यासाठी. (घरचे त्याला अजून शेवाळच म्हणतात. बावीस वर्षं अकरावीला वनस्पतिशास्त्र शिकवून काय मिळवलं!)

उजेड मात्र झकास. लाल आणि निळा दोन्ही आहेत, आणि मॉसला दोन्ही कळतात. फ्युनेरियाच्याच कुळातल्या फिस्कोमिट्रियम या मॉसचा जीनोम (सगळा जनुकसंच) २००८ साली प्रसिद्ध झाला. त्याच्याकडे लाल उजेड ओळखणाऱ्या फायटोक्रोमची ७ जनुकं आहेत, निळ्यासाठी क्रिप्टोक्रोमची २, शिवाय फोटोट्रॉपिनचीही. फुलझाडांत हरितलवकं (पेशींतले हिरवे कण) सरकतात ती मुख्यतः निळ्या उजेडाने. हा पठ्ठ्या लालावरही सरकवतो.

फ्युनेरियाचं पान, मधली शीर सोडली तर, एकाच पेशीच्या जाडीचं. काप घ्यायची गरजच नाही. दिवा चार बोटांवर आणून ठेवला, तासाभराने एक पान सूक्ष्मदर्शकाखाली धरलं, तर हिरवे ठिपके मधली जागा सोडून कडेच्या भिंतींना चिकटलेले, उन्हात सावली शोधणाऱ्या माणसांसारखे. दिवा लांब नेल्यावर पुन्हा मध्ये पसरले.

तक्रार टायमरची. १२ तासांचं बटण दाबलं तरी रात्री दोनला आपोआप पेटतो आणि खोली जांभळी होते. मानही लुळी, सारखी बरणीत डोकावते. विक्रेत्याला दोनदा कळवलं. ‘लवकरच संपर्क करू’ यापुढे गाडी गेली नाही. आता झोपताना प्लगच काढतो. पाचपैकी तीन तारे, तेही उजेडाचे.